पाऊसच नाही, मग लोखंड का गंजतं?

मस्कतला वर्षभरात सरासरी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत एवढा पाऊस जुलैतल्या एका वाईट दिवसात पडून जातो. त्यामुळे भारतातून इथे नवीन आलेल्या माणसाची पहिली समजूत अशी असते की, चला, उकाडा असेल पण निदान गंजाची कटकट सुटली! मग दोन-तीन वर्षांत एसीच्या बाहेरच्या युनिटचा स्टँड तपकिरी होतो, गच्चीच्या रेलिंगवर फोड येतात, आणि किनाऱ्यापासून जवळ राहत असाल तर गेटची बिजागरी हातात येते.

मी मस्कतमध्ये धातूंच्या लेपांवर पोस्टडॉक करते. माझं काम सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पण तिथे पाऊस कुठे पडतो?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर महत्त्वाचं आहे. कारण रेलिंग गंजलं तर आपण बदलतो. पूल गंजला तर तो आपल्याला सांगून पडत नाही.

१४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी मुंबईत सीएसएमटीजवळच्या हिमालय पुलाचा भाग खाली रस्त्यावर कोसळला आणि किमान सहा माणसं गेली. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसकट नदीत गेला आणि चार जणांचा जीव गेला. प्रत्येक अपघाताची कारणं वेगळी असतात. गर्दी, वाढवलेलं वजन, न केलेली किंवा नुसती कागदावर केलेली तपासणी, असं बरंच काही त्यात असतं. पण जुन्या स्टीलच्या पुलांबद्दल बोलताना या यादीत एक नाव जवळपास नेहमी येतं, ते म्हणजे गंज. आणि या सगळ्या कारणांमध्ये गंज हे असं कारण आहे की ज्याचं वेळापत्रक आपल्याला बऱ्यापैकी आधी काढता येतं. आजचा लेख त्याबद्दल आहे: स्टीलच्या पुलाला धातूचाच लेप देऊन कसं वाचवतात, आणि ओमानसारख्या ठिकाणी हे का अवघड आहे.

गंज म्हणजे एक छोटी बॅटरी

शाळेत आपण शिकलो की लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज येतो. हे बरोबर आहे, पण अर्धंच. खरी गोष्ट विजेची आहे.

स्टीलच्या पृष्ठभागावर एका ठिकाणी लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन धातूतून दुसऱ्या ठिकाणी जातात, आणि तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन त्यांना पकडतो. म्हणजे एकाच पत्र्यावर बॅटरीची दोन्ही टोकं तयार होतात. एक टोक झिजतं, दुसरं शाबूत राहतं. बॅटरीचं सर्किट पूर्ण व्हायला मधे वीज वाहून नेणारं पाणी लागतं. त्या पाण्यात मीठ असेल तर वीज अधिक सहज वाहते. शिवाय मिठातला क्लोराइड धातूवर तयार होणारा संरक्षक थर टिकू देत नाही.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा: पाणी खूप लागत नाही. डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ थर पुरतो. उलट थर पातळ असेल तर हवेतला ऑक्सिजन धातूपर्यंत लवकर पोचतो. म्हणून पूर्ण बुडालेल्या स्टीलपेक्षा ओलं-कोरडं-ओलं होत राहणारं स्टील जास्त वेगाने गंजतं. जेट्टीच्या खांबांवर लाटा उडतात त्या पट्ट्याकडे कधी बघा. सगळ्यात वाईट अवस्था तिथेच असते.

मीठ हवेतून पाणी ओढून घेतं

आता ओमानकडे या. पावसाळ्यात कोकणातल्या घरी मिठाची बरणी उघडी राहिली तर काय होतं, हे आई-आजीकडून ऐकलं असेल: मिठाला पाणी सुटतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतून पाणी घेऊन विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मात्र फक्त सोडियम क्लोराइड नसतं, त्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. आणि ते तर ३३ टक्के आर्द्रतेलाच ओलं होतं!

म्हणजे समुद्रावरच्या वाऱ्याने पुलाच्या गर्डरवर मिठाचे बारीक कण आणून बसवले की पावसाची गरजच उरत नाही. मस्कतच्या उन्हाळ्यातल्या रात्री आठवा, चष्मा घालून एसीतून बाहेर आलं की काचेवर वाफ धरते. पुलाचं स्टील रात्री आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षाही थंड होतं आणि त्यावर दव बसतं. सकाळी ऊन आलं की सगळं वाळतं. रात्री परत तेच. ओलं-कोरडं-ओलं, वर्षभर.

पावसाचा दुसरा मुद्दा तर आपल्या समजुतीच्या बरोबर उलटा आहे. पाऊस लोखंड भिजवतो हे खरं, पण तो मीठ धुऊनही नेतो. ओमानच्या किनाऱ्यावर धुणारं कोणी नाही. मीठ साचतं, त्यावर धूळ बसते, आणि धूळ ओल धरून ठेवते. मुंबईतसुद्धा हा प्रकार बघायला मिळतो, पण पुलाच्या खालच्या बाजूला. वरचा भाग चार महिने धुतला जातो. खालच्या बाजूला, सांध्यांच्या आत, बेअरिंगच्या आसपास पाऊस पोचत नाही आणि मीठ तिथेच राहतं. ओमानमध्ये जवळजवळ अख्खा पूलच 'खालची बाजू' असतो, असं समजा.

हे सगळं मोजायची पद्धत आहे. आयएसओ ९२२३ नावाच्या मानकात हवेचे वर्ग पाडले आहेत, सी१ म्हणजे एसी ऑफिसच्या आतली हवा आणि सीएक्स म्हणजे सगळ्यात वाईट. उघड्या साध्या स्टीलचा पहिल्या वर्षातला ऱ्हास सी३ मध्ये २५ ते ५० मायक्रॉन, सी५ मध्ये ८० ते २००, आणि सीएक्समध्ये २०० ते ७०० मायक्रॉन धरला जातो. ७०० मायक्रॉन म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या जवळ. १० मिलिमीटर जाडीच्या प्लेटसाठी हे फार गंभीर आहे. आणि दोन्ही बाजू उघड्या असतील तर आकडा दुप्पट होतो. उष्ण किनाऱ्यावर, जिथे लाटांचे तुषार थेट पोचतात, तिथे सी५ किंवा सीएक्स गृहीत धरावं लागतं.

या भागातल्या जहाजबांधणी करणाऱ्यांनी पूर्वी या प्रश्नाचं फार सरळ उत्तर काढलं होतं: लोखंड वापरायचंच नाही. ओमानची जुनी जहाजं खिळ्यांशिवाय, नारळाच्या काथ्याने फळ्या शिवून बांधायचे. त्या पद्धतीने बांधलेलं 'ज्वेल ऑफ मस्कत' २०१० मध्ये मस्कतहून सिंगापूरपर्यंत गेलंही. पण पूल काथ्याने शिवता येत नाही. सूर शहरात खोर अल-बतहवरचा झुलता पूल आहे, ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या लाकडी ढो बांधले गेले त्याच खाडीच्या तोंडावर. झुलत्या पुलाला पोलादी तारा लागतात. तिथे भरती-ओहोटीचं खारं पाणी खाली असतं आणि खारं वारं चहूबाजूंनी.

कल्हई आणि बादली

रंग देणं हा सगळ्यांना माहीत असलेला उपाय. रंग म्हणजे पडदा. पाणी, मीठ आणि ऑक्सिजन यांना स्टीलपासून लांब ठेवायचं. पडदा फाटेपर्यंत काम चोख. पण ट्रकच्या टायरखालून उडालेला एक दगड, बोल्ट आवळताना पान्याने पडलेला एक ओरखडा, आणि तिथून गंज रंगाखाली शिरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, दुपटीपासून सहापटीपर्यंत. तो रंगाला खालून उचलतो, फोड येतात, अजून पाणी आत जातं.

धातूच्या लेपाची गंमत समजून घ्यायला आपल्या स्वयंपाकघरातल्या दोन वस्तू घेऊ.

पहिली, कल्हई केलेलं पितळेचं पातेलं. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकतो, कथील लावतो आणि कापसाच्या बोळ्याने फिरवतो. कथील हा इथे पडदा आहे. ताक, आमटी, चिंच यांचा पितळेशी संबंध येऊ द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. आता हेच कथील लोखंडावर लावलं तर? जुना तेलाचा डबा तसाच असतो. डबा धड असेपर्यंत छान. पण दमट हवेत कथील हे लोखंडापेक्षा 'निवांत' धातू आहे, सहज झिजत नाही. ओरखडा पडला की बॅटरी तयार होते आणि त्यात झिजणारं टोक बनतं लोखंड. म्हणजे ओरखडा पडलेला डबा त्या जागी आणखी वेगाने गंजतो.

दुसरी वस्तू, पत्र्याची बादली. जीआय बादली, जिच्यावर चमकत्या पाकळ्यांसारखी नक्षी दिसते. तिच्यावर जस्त असतं. जस्त लोखंडापेक्षा जास्त उतावीळ आहे. समुद्राच्या पाण्यात जस्त आणि स्टील यांच्यात साधारण ०.४ व्होल्टचा फरक असतो. ओरखडा पडला की बॅटरी इथेही तयार होते, पण आता झिजणारं टोक जस्त असतं. त्याने सोडलेले इलेक्ट्रॉन उघड्या पडलेल्या लोखंडाकडे जातात आणि लोखंडाचे अणू पाण्यात उतरायचे थांबतात. बादलीला पोचा आला, चरे पडले, तरी ती वर्षानुवर्षं चालते ती यामुळे. जस्त नुसता पडदा नाही, तो स्वतः झिजून दुसऱ्याला वाचवतो.

ही कल्पना २०० वर्षं जुनी आहे. १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरचं तांब्याचं आवरण वाचवायला त्याला जस्ताचे आणि ओतीव लोखंडाचे तुकडे जोडून बघितले. तांबं झिजायचं थांबलं. पण तांबं पाण्यात विरघळत होतं म्हणूनच शिंपले-शेवाळ दूर राहत होतं, हे मग लक्षात आलं! तांबं वाचलं आणि जहाजाच्या बुडाला जंगल उगवलं. विज्ञान बरोबर होतं, जागा चुकली होती. पुढे १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्टॅनिस्लास सोरेल यांनी वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याचं पेटंट घेतलं, आणि १८८३ मध्ये न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल उघडला तेव्हा त्याच्या पोलादी तारांवर जस्ताचा थर होता. त्या तारा आजही तो पूल उचलून धरत आहेत.

बुडवायचं की फवारायचं?

पुलावर जस्त चढवायचे मुख्य मार्ग दोन.

पहिला, बुडवायचा. स्टीलचा भाग ॲसिडने साफ करायचा, फ्लक्समध्ये बुडवायचा आणि मग साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात घालायचा. त्या फ्लक्समध्ये काय असतं माहितीय? जस्ताच्या क्षाराबरोबर अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपल्या कल्हईवाल्याचा नवसागर! काम तेच आहे, धातूवरची घाण आणि ऑक्साइड उडवून लावणं. टाकीत जस्त आणि लोखंड यांची अभिक्रिया होऊन मिश्रधातूचे थर तयार होतात, त्यामुळे लेप नुसता चिकटलेला नसतो, तो स्टीलमध्येच रुजलेला असतो. ६ मिलिमीटरपेक्षा जाड स्टीलवर मानकाप्रमाणे सरासरी निदान ८५ मायक्रॉन थर यावा लागतो.

८५ मायक्रॉन किती पुरतो? इथे हिशोब सोपा आहे, कारण जस्त साधारण एका चालीने झिजतं. सी३ हवेत, म्हणजे किनाऱ्यापासून दूरच्या साध्या शहरात, वर्षाला जास्तीत जास्त २ मायक्रॉनच्या आसपास जातात, म्हणजे ४० वर्षं. सी५ मध्ये वर्षाला ४ ते ८ मायक्रॉन, म्हणजे वाईट बाजूने धरलं तर १० वर्षं. आणि सीएक्समध्ये वरचा आकडा २५ मायक्रॉन, तिथे साडेतीन वर्षंही नाहीत. तोच लेप, तोच कारखाना, तीच पावती. फक्त पत्ता बदलला. "गॅल्व्हनाइझ केलंय ना, मग झालं" हे वाक्य पुण्यात चालेल, सूरच्या खाडीवर नाही.

बुडवण्याची दुसरी अडचण म्हणजे टाकीची लांबी. दंडगोल खांब, रेलिंग, जिन्याच्या पायऱ्या, लहान पादचारी पुलाचे भाग टाकीत मावतात. ३०-४० मीटरचा गर्डर मावत नाही, आणि पातळ वेल्ड केलेले भाग त्या तापमानाला वाकडे होऊ शकतात.

मग दुसरा मार्ग, फवारायचा. स्वित्झर्लंडच्या माक्स उलरिश शूप यांनी १९१० च्या आसपास ही पद्धत आणली. आज पुलांसाठी जास्त वापर होतो तो आर्क पद्धतीचा. दोन धातूच्या तारा बंदुकीत पुढे सरकतात, टोकं जवळ येतात, विजेची ठिणगी पेटून दोन्ही वितळतात, आणि मागून येणारी दाबाची हवा ते थेंब स्टीलवर फेकते. प्रत्येक थेंब आदळतो, चपटा होतो आणि गार होतो. लाखो चपट्या थेंबांचा थर म्हणजे लेप. घिरड्यावर पळीने थेंब थेंब पीठ टाकून जाळी भरत जावी, तसं काहीसं. आणि घिरड्यासारखीच त्यात बारीक छिद्रं राहतात. म्हणून वरून पातळ सीलर द्यावाच लागतो, जो त्या छिद्रांमध्ये मुरतो.

फवारण्यात जाडी आपण ठरवतो, १००, २००, ३०० मायक्रॉन. तुकडा कितीही मोठा असो, बंदूक त्याच्याकडे जाते. स्टील फारसं तापत नाही म्हणून वाकडंही होत नाही. बदल्यात इथे मिश्रधातूचं नातं तयार होत नाही. लेप स्टीलला निव्वळ खडबडीतपणामुळे धरून असतो. हे पुढे महत्त्वाचं ठरेल.

जस्त की ॲल्युमिनियम?

ओमानमध्ये हा प्रश्न विचारायला मजा येते, कारण सोहारमध्ये २००८ पासून ॲल्युमिनियमचा स्मेल्टर चालू आहे. कच्चा माल घरचाच!

ॲल्युमिनियम कागदावर जस्तापेक्षाही उतावीळ आहे, पण हवेत येताच स्वतःवर ऑक्साइडची घट्ट चादर ओढून घेतं. त्यामुळे ते फार सावकाश झिजतं. खाऱ्या पाण्यात क्लोराइड ती चादर थोडी फाडतो आणि मग ॲल्युमिनियम स्टीलचं रक्षणही करतं. म्हणून समुद्रातल्या तेल-प्लॅटफॉर्मवर ॲल्युमिनियमचा फवारा लोकप्रिय आहे. उत्तर समुद्रातल्या १९८४ च्या हटन प्लॅटफॉर्मवर तो वापरला गेला आणि चांगला टिकला. पण गोड्या, स्वच्छ हवेत ॲल्युमिनियम चादर ओढून स्वस्थ बसतं आणि ओरखड्यावर गंजाचे डाग येऊ देतं. तिथे जस्त बरं. मधला मार्ग म्हणून ८५ टक्के जस्त आणि १५ टक्के ॲल्युमिनियमची तारही मिळते.

भारतीय रेल्वेच्या पूल नियमावलीत गंजाला पोषक भागातल्या गर्डरसाठी सरासरी १५० मायक्रॉन ॲल्युमिनियम फवारून त्यावर रंग देण्याची पद्धत आहे. नॉर्वेच्या रस्ते खात्याने १९६० च्या दशकापासून किनाऱ्यावरच्या पुलांवर जस्ताचा फवारा आणि वर रंग अशी जोडी वापरली, आणि ती दशकानुदशकं टिकली. अशा जोडीला 'डुप्लेक्स' म्हणतात. हिचं आयुष्य दोघांच्या आयुष्याच्या बेरजेपेक्षाही जास्त, साधारण दीड ते सव्वादोन पट मिळतं. कारण सोपं आहे: रंग जस्ताला मिठापासून जपतो, आणि रंगाला चरा पडला तरी जस्त खाली गंज फुगू देत नाही, म्हणून रंग उचलला जात नाही.

मग कोणालाही वाटेल, ॲल्युमिनियमवरही जाड रंग द्या, आणखी भारी! नेमकं इथेच गणित फसतं. समुद्राजवळ ॲल्युमिनियमच्या लेपावर जाड रंग दिला आणि तो एका जागी स्टीलपर्यंत फाटला, तर उघडं स्टील त्या बॅटरीचं एक टोक होतं आणि रंगाखाली अडकलेलं ॲल्युमिनियम दुसरं. त्या बंद जागेत ॲल्युमिनियम क्लोराइड साचतं, पाण्याशी अभिक्रिया होऊन ॲसिड तयार होतं, आणि ॲल्युमिनियमची संरक्षक चादरच विरघळते. लेप रंगाखाली झपाट्याने खाल्ला जातो. उत्तर समुद्रातल्या काही बांधकामांवर हा धडा महागात शिकला गेला. तात्पर्य: जस्तावर रंगाची पूर्ण सिस्टीम चालते. खाऱ्या जागी ॲल्युमिनियमवर फक्त पातळ सीलर द्यावा. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की तिसरी आणखी चांगली होते, असं नेहमी होत नाही.

चार तासांची खिडकी

लेप कोणताही निवडा, तो टिकतो की नाही हे बहुतेक वेळा बंदूक चालू होण्याआधीच ठरलेलं असतं.

फवारलेला धातू फक्त खडबडीतपणाला धरून राहतो, हे वर आलंच. म्हणून स्टील धारदार ग्रिटने मारून अगदी पांढऱ्या धातूपर्यंत साफ करतात. मानकात या दर्जाला एसए-३ म्हणतात, सगळ्यात वरचा. पृष्ठभागावर ७५ ते १०० मायक्रॉनचे टोकदार डोंगर-दऱ्या तयार व्हायला हव्यात. त्यानंतर ते उघडं स्टील लगेच हवेतली ओल घेऊन काळवंडायला लागतं, म्हणून साधारण चार तासांच्या आत फवारणी सुरू व्हावी लागते, दमट हवेत त्याहूनही लवकर. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली पाहिजे, आणि स्टीलचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर.

आता मस्कतची ऑगस्टमधली रात्र घ्या. हवा ३२ अंश, आर्द्रता ७५ टक्के. दवबिंदू निघतो २७ अंश. म्हणजे स्टील ३० च्या वर असायला हवं, आणि उघड्यावरचं स्टील तर पहाटेपर्यंत त्याच्या खाली उतरू शकतं. दिवसा? दुपारच्या उन्हात स्टीलला हात लावता येत नाही. आणि माणसांचं काय? जून ते ऑगस्टमध्ये ओमानमध्ये दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. ब्लास्टिंगचा जाड सूट आणि हवेचं हेल्मेट घालून उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं की हे पटतं. ही माणसं बहुतेक आपल्याच उपखंडातली असतात. घाई झाली की ती त्यांच्या अंगावर येते आणि लेपाच्या दर्जावरही.

म्हणून उष्ण किनाऱ्यावरचा शहाणपणा असा: जेवढं जमेल तेवढं काम शेडमध्ये, आर्द्रता ताब्यात ठेवून करायचं, आणि साइटवर फक्त सांधे आणि दुरुस्ती ठेवायची.

ब्लास्टिंगनंतरही एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे मीठ. पांढरं शुभ्र दिसणाऱ्या स्टीलच्या खड्ड्यांमध्ये मीठ उरलं तर लेप त्याच्यावरच बसतो. ते मोजायला एक छोटी चिकटपट्टी लावून आत शुद्ध पाणी सोडतात आणि त्या पाण्याची विद्युतवाहकता बघतात. समुद्रातल्या कामांच्या कडक नियमांत चौरस मीटरला २० मिलिग्रॅम ही मर्यादा असते, म्हणजे दाराएवढ्या जागेवर चिमूटभर मीठही जास्त झालं. जास्त निघालं तर गोड्या पाण्याने धुवायचं आणि परत ब्लास्ट करायचं. मस्कतमध्ये नळाचं पाणी समुद्रातलं मीठ काढूनच तयार होतं. म्हणजे आधी पाण्यातून मीठ काढायचं आणि मग त्या पाण्याने पुलावरचं मीठ काढायचं!

मग स्टेनलेसच का नाही?

हा प्रश्न रास्त आहे. हिमालय पूल पुन्हा बांधताना मुंबईत स्टेनलेस स्टील वापरलं गेलं आणि तो २०२३ मध्ये लोकांसाठी उघडला. लहान पादचारी पूल, खूप गर्दी, खाली रस्ता, वारंवार बंद ठेवून रंगवणं अशक्य. अशा ठिकाणी तो निर्णय समजण्यासारखा आहे. पण स्टेनलेस साध्या स्टीलच्या कितीतरी पट महाग असतं, आणि क्लोराइडमध्ये त्याचे स्वस्त प्रकार बारीक छिद्रं पडून गंजतात. मोठ्या पुलाचे हजारो टन त्यात बनवणं परवडत नाही.

रामेश्वरमचं उदाहरण बघा. १९१४ चा पांबन पूल समुद्रात १०० वर्षांहून जास्त उभा राहिला, पण उघडझाप होणाऱ्या भागाच्या गंजामुळे डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरून गाड्या थांबवाव्या लागल्या. एप्रिल २०२५ मध्ये उघडलेल्या नव्या पुलात काँक्रीटसाठी स्टेनलेसच्या सळ्या, पूर्ण वेल्ड केलेले सांधे आणि स्टीलवर पॉलिसिलोक्सेन रंगाची खास सिस्टीम आहे. जिथे ज्याची गरज, तिथे ते.

खरा वाद पैशांचा असतो, आणि तोही कधीच्या पैशांचा याचा. धातूचा लेप आणि वर रंग हे पहिल्या दिवशी नुसत्या रंगापेक्षा महाग पडतं. टेंडर उघडतं त्या दिवशी हा आकडा सगळ्यांना दिसतो. १२ वर्षांनी रस्ता बंद करून, मचाण बांधून, जुना रंग खरवडून परत रंगवायचा खर्च त्या दिवशी कोणालाच दिसत नाही. तो येईल तेव्हा सही करणारे लोकही बदललेले असतात. गंज अभियंत्यांच्या नेस या संघटनेने २०१६ मध्ये जगभरातल्या गंजाचा वर्षाचा खर्च अडीच लाख कोटी डॉलर काढला, आणि माहीत असलेले उपाय नीट वापरले तर त्यातला १५ ते ३५ टक्के वाचू शकतो असंही सांगितलं. नवा शोध लागायची वाट बघायची गरज नाही. या लेखातल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी १०० वर्षं माहीत आहेत.

पुढच्या वेळी पुलाखालून जाताना

तुम्ही दुबईत असा, ह्यूस्टनमध्ये, सिडनीत किंवा सुट्टीला रत्नागिरीत, स्टीलचा पूल दिसला की वरच्या चकचकीत रंगाकडे बघू नका. खाली बघा. बोल्टच्या भोवती आणि दोन प्लेटांच्या मधे तपकिरी रेघ दिसते का? तिथे गंज फुगून प्लेटांना एकमेकांपासून ढकलत असतो. धारदार कडांवरचा रंग गेलाय का? ओला रंग कडेवरून मागे ओढला जातो आणि तिथे पातळ राहतो, म्हणून चांगल्या कामात कडा आधी गोल करतात. पाणी साचायला जागा आहे का, निचऱ्याचं भोक धुळीने बुजलंय का? पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका, ते जस्त आपलं काम करतंय. पांढऱ्यात तपकिरी दिसायला लागलं की जस्त संपत आलंय.

आणि तपकिरी दिसलं तर फोटो काढून स्थानिक पालिकेला पाठवा. उत्तर येईलच असं नाही. पण धोकादायक झालेल्या पुलावर पाटी लावणं हे शेवटचं पाऊल असतं, आणि पाटीने पूल थांबत नाही हे आपण कुंडमळ्याला बघितलं. त्याच्या कितीतरी आधी, पहिला डाग दिसतो तेव्हा, एक ब्लास्टिंगची बंदूक, दोन जस्ताच्या तारा आणि कोरडी हवा असलेले चार तास पुरतात.